ओटीवर दोन लॅपटॉप, किल्ली सातासमुद्रापार

ताई, नमस्कार.

मी साताऱ्यात राहतो, एमआयडीसीत नोकरीला आहे. मूळ गाव बामणोलीच्या पलीकडे, शिवसागराच्या काठाला. शाळेत असताना पोवई नाक्यावरच्या एका कॅफेत तासाला वीस रुपये देऊन स्ट्रॅटेजी गेम खेळलोय. ते सगळे कॉपी केलेले असायचे, हे तेव्हा कळतही नव्हतं. आता कमावतो, म्हणून पहिल्यांदाच एक गेम पैसे मोजून घेतला. कऱ्हाडचा भाचा अकरावीत आहे, त्यालाही ह्याच गेमचं वेड. गेल्या गणपतीत दोघंही गावी होतो. ओटीवर दोन लॅपटॉप मांडायचे आणि रात्रभर लढायचं असं ठरलं होतं. गावात रेंज नाही. देवळामागच्या खडकावर चढलं तर एखादी काडी येते. माझा गेम उघडेचना, सर्व्हरशी संपर्क होत नाही एवढंच म्हणत राहिला. भाच्याचा क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला, गेम मात्र झटक्यात सुरू. वर म्हणतो, “मामा, पैशे देऊन येड्यात निघालास की!” सगळं घर हसलं.

आता विचारायचं ते हे. मी पैसे दिलेत, मग मीही क्रॅक टाकला तर गुन्हा होतो का? भाच्याला कुठल्या तोंडानं सांगू की विकत घे? त्याचा लॅपटॉप खरं तर माझ्या बहिणीचा आहे, तिच्या शिवणकामाच्या ऑर्डरी आणि बँकेचं सगळं त्यावरच चालतं. मध्यंतरी त्याला माझा पासवर्ड दिला, तर तो खेळायला बसला की मी बाहेर फेकला जातो. आणि यंदाच्या गणपतीत तरी खेळता येईल असं काही सांगा.

– एक मामा

मामा, नमस्कार.

गेमचं आणि कंपनीचं नाव तुम्ही लिहिलंय, ते मी गाळलं आहे. हे दुखणं काही एका कंपनीचं नाही.

भाच्याचं बोलणं तुम्हाला चांगलंच लागलेलं दिसतंय. मला विचाराल तर तो निम्मा बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात त्याच्या आईचं बँक खातं अडकलंय. तिकडं येतेच.

आधी माझं सांगते, नाहीतर ही बाई उपदेश करायला बसली असं वाटायचं. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं नेट कॅफे होतं, आठ मशीनचं. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. दुपारी कॉलेजची पोरं यायची, त्यांना हवे ते गेम मीच एका सीडीवरून आठही मशीनवर चढवायचे आणि तासावर पैसे घ्यायचे. त्यात एका गेमची मात्र वेगळी गंमत होती. १९९८ साली आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ची एक अस्सल सीडी घेतली की त्या एका कीवर (डब्यात छापलेल्या परवान्याच्या अक्षरांवर) आठ जणांनी आपसांत खेळावं, अशी सोय कंपनीनंच ठेवली होती. बाकीच्या मशीनवर बसणाऱ्या प्रतीला ‘स्पॉन’ म्हणत. ती एकट्याला मोहीम खेळू द्यायची नाही, पण अस्सल प्रतीच्या पंगतीला बसवून घ्यायची. आठ मशीन, आठ पोरं, एक सीडी. माझ्या कॅफेतला त्यातल्या त्यात स्वच्छ व्यवहार तेवढाच.

कंपनी खुळी नव्हती. आठांपैकी दोघं-तिघं घरी एकट्यानं खेळायला उद्या स्वतःची सीडी घेतील, हा तिचा हिशेब. पण त्याच कंपनीनं २०१० मध्ये दुसरा भाग आणला तेव्हा लॅनची, म्हणजे जवळची मशीन नेटशिवाय थेट एकमेकांना जोडून खेळायची, सोयच काढून टाकली. दोन मशीन एका टेबलावर असली तरी दोघांनीही आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन हजेरी लावायची आणि मग एकमेकांना भेटायचं. तुमच्या ओटीवर दीड हातावर बसलेले मामा-भाचे एकमेकांना सापडत नाहीत, त्याचं मूळ असल्या निर्णयांत आहे.

आता हे सर्व्हर खेळासाठी खरंच लागतात का? हे नीट समजून घ्या, कारण भाच्याशी बोलताना इथंच तुमचा जोर आहे. मी सांगलीची, म्हणून बुद्धिबळानं सांगते. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळं आमच्याकडं पट मांडून बसण्याला कुणी रिकामटेकडेपणा म्हणत नाही, भाग्यश्री साठेंसारख्या खेळाडू ह्याच गावातून पुढं गेल्या. तर समजा, तुम्ही साताऱ्यात एक पट मांडला, भाच्यानं कऱ्हाडात एक मांडला आणि फोनवर दोघं फक्त चाली सांगताय. तुम्ही म्हणालात, राजाच्या बाजूचा घोडा पुढं. तो आपल्या पटावर तुमचा घोडा हलवतो. पट कुणीच कुणाला पाठवत नाही, तरी दोन्हीकडं डाव एकच राहतो.

बहुतेक रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम असेच चालतात. शेकडो सैनिक कुठं उभे आहेत, कुणाला किती जखमा झाल्यात, हे एकमेकांना कळवत बसत नाहीत. ‘ह्या तुकडीला नदीकडं पाठवलं’ एवढाच हुकूम तारेतून जातो आणि सगळं युद्ध प्रत्येक लॅपटॉप स्वतःच मांडतो. १९९७ मधला ‘एज ऑफ एम्पायर्स’ त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या रडतखडत चालणाऱ्या मोडेमवर खेळता आला, तो ह्याच युक्तीनं.

म्हणजे लढाईसाठी कंपनीचा सर्व्हर लागत नाही. तो दारावर बसून तू कोण, पैसे दिलेस का, आणि खेळायला गडी हवा असेल तर हा घे, एवढंच बघतो. अनोळखी गडी शोधायला तो खरोखर उपयोगी आहे. पण तुमचा गडी तर शेजारी पाटावर बसलाय.

आणि हेच उलट्या बाजूनं बघा. दोन्हीकडं डाव एकसारखा राहायचा तर दोन्हीकडचे नियम तंतोतंत एक हवेत. एका प्रतीत धनुर्धाऱ्याचा पल्ला केसभर जरी वेगळा असला, तरी थोड्या वेळानं एका पटावर तो मेलेला असतो आणि दुसऱ्यावर जिवंत. मग ‘आउट ऑफ सिंक’ म्हणून डाव मोडतो. तुमचा गेम दर अपडेटला बदलत गेला. भाच्याचा क्रॅक झाला त्या दिवशीच थिजला. समजा गेल्या गणपतीत तुमचा गेम उघडला असता, तरी तुमची त्याच्याशी लढाई जुळली असती असं मला वाटत नाही. येड्यात निघालं कोण, हे तेव्हा दहा मिनिटांत कळलं असतं.

कंपन्या दारावर माणूस बसवतात तो निव्वळ खाष्टपणानं नाही, हेही सांगायला हवं. २००९ च्या एप्रिलमध्ये ‘डेमीगॉड’ नावाचा स्ट्रॅटेजीच्या घराण्यातला गेम आला. तो विकणारी स्टारडॉक ही कंपनी गिऱ्हाइकावर विश्वास ठेवणारी म्हणून नावाजलेली. आदल्याच वर्षी तिनं गेम खेळणाऱ्यांच्या हक्कांची सनद जाहीर केली होती आणि ‘सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर’ हा गेम कुलूपच न लावता विकून चांगले पैसेही मिळवले होते. डेमीगॉडच्या सीडीलाही कुलूप नव्हतं. पहिल्याच दिवसांत सर्व्हरवर एका वेळी साधारण १ लाख २० हजार जण येऊन धडकले. त्यातले पैसे दिलेले किती? जवळपास १८ हजार. बाकीच्यांच्या चोरीच्या प्रती सर्व्हरचं दार ठोठावत बसल्या आणि त्या गर्दीत ज्यानं रोख मोजले त्याला गडी मिळेना. गेमची परीक्षणं लिहिणाऱ्यांनीही ऑनलाइन खेळ अडतो म्हणून नावं ठेवली. हे भाच्याला जरूर सांगा. फुकट्यामुळं नुसता कंपनीचा गल्ला कमी होत नाही, रांगेतल्या मामाचाही नंबर जातो.

ह्यावर कंपन्यांनी जे इलाज काढले, ते मात्र बऱ्याचदा चोर सोडून संन्याशाला सुळी ह्या जातीचे. २०१० मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर ४’ आला, तो एकट्यानं खेळायचा तरी सतत नेट चालू हवं. २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’ हा गाव वसवायचा गेम तसाच आला आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर इतके कोलमडले की लोकांना विकत घेतलेल्या गावात पाऊल टाकता येईना. कंपनीनं दिलगिरी म्हणून एकेक दुसरा गेम फुकट वाटला. नेटशिवाय खेळायची सोय आली ती वर्षभरानं. ‘अ‍ॅनो २०७०’ तीन मशीनवर चालू करायची परवानगी द्यायचा, आणि एका हार्डवेअर तपासणाऱ्या संकेतस्थळानं नुसतं ग्राफिक्स कार्ड बदललं तर गेम म्हणाला, हे नवीनच मशीन दिसतंय, एक परवानगी खर्ची. बोभाटा झाल्यावर कंपनीनं ती अट सैल केली. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा २००८ च्या ‘रेड अलर्ट ३’ चा. काही डब्यांत छापलेल्या कीचं शेवटचं अक्षरच गळलं होतं. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर मदत विभागानं सल्ला दिला की एकेक अक्षर लावून बघा, कधीतरी बसेल! म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या माणसानं स्वतःच्याच घराचं कुलूप चोरासारखं चाचपत उघडायचं.

माझाही एक अनुभव आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता. कॅफे बंद करताना गुंडाळून ठेवलेली खोकी त्यातच होती. पाणी ओसरल्यावर सीडी धुऊन पुसून वाळवल्या, त्यातल्या बऱ्याच वाचल्याही. डबे आणि आतली की छापलेली कागदं मात्र लगदा झाली. पंचनाम्यात फ्रीज आला, गाद्या आल्या. सीडी-कीला काही रकाना नव्हता. पुढं लॉकडाउनमध्ये वेळ होता म्हणून एक गेम बसवायला घेतला. तो म्हणाला, ह्या कीच्या परवानग्या संपल्या. की मी वहीत लिहून ठेवली होती म्हणून निदान तिथवर पोहोचले. कंपनीला मेल केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं: डब्याचा, कीसकट, फोटो पाठवा. मी लगद्याचा फोटो पाठवला. त्याला उत्तर आलं नाही.

दुसरी एक सीडी त्याहून जुनी, तिला नेट वगैरे काही नको होतं. पण तिच्यावर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं आणि ते उघडणारा विंडोजमधला तुकडा मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये सुरक्षेच्या कारणानं बंद केला. विंडोज १० ते कुलूप ओळखतच नाही. कारण योग्य होतं, त्या तुकड्यातून मशीनमध्ये शिरता येत होतं. पण मी मात्र अस्सल सीडी हातात घेऊन अस्सल मूर्खासारखी बसले. तेव्हा मामा, क्रॅकचा मोह म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आता तुमचा कायद्याचा प्रश्न. मी वकील नाही, पण कलमं वाचलेली आहेत. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याचं ६३ ब हे कलम सरळ आहे: संगणकाच्या प्रोग्रॅमची चोरीची प्रत आहे हे माहीत असताना ती वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. हे भाच्याला लागू होतं. माझ्या कॅफेला तर पहिल्या वाक्यासकट लागू होत होतं.

तुमचं थोडं वेगळं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात ६५ अ आलं: हक्काचा भंग करायच्या हेतूनं जो तांत्रिक कुलूप तोडेल त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतूनं’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे. शिवाय कलम ५२ रीतसर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवली-बिघडली तर असावी म्हणून बॅकअप काढू देतं. माझ्या पुराच्या चिखलात मला हे कलम फार आवडलं होतं. म्हणजे पैसे दिलेला मामा आणि फुकट उतरवणारा भाचा ह्यांना कायदा एकाच मापानं मोजत नाही. पण ह्यावरून ‘ताईनं परवानगी दिली’ असं समजू नका. गेम घेताना ज्या करारावर तुम्ही न वाचता ‘मान्य’ दाबलं, त्यात कुलपाला हात लावू नका असं हमखास असतं आणि ते मोडलं म्हणून कंपनी तुमचं खातं बंद करू शकते. तुमचे बाकीचे गेमही त्याच खात्यावर असतात. एका दारासाठी अख्खा वाडा घालवण्यात अर्थ नाही.

करारावरून आठवलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल माल विकताना, गिऱ्हाइकाला मालकी नाही तर नुसता परवाना मिळतोय, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं बटण लावायचं नाही. आपल्याकडं असं काही होईल तेव्हा होईल. तोवर आपणच विचारायचं: ज्या दिवशी नेट नसेल, किंवा ही कंपनीच नसेल, त्या दिवशी हा गेम उघडेल का?

कंपनी नसण्याची वेळ खरोखर येते. गेमस्पाय नावाची सेवा कित्येक गेमांच्या ऑनलाइन लढायांची जुळणी करायची. ती २०१४ च्या ३१ मे रोजी बंद झाली. ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’चा ऑनलाइन रस्ताही त्याच सुमारास बुजला. पण त्यात लॅन होतं, म्हणून खोलीत बसून खेळणाऱ्यांचं काही अडलं नाही, आणि चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर उभारून बाकीच्यांचीही सोय केली. २०२५ मध्ये तर मूळ कंपनीनंच त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, खुला केला. लॅनचं दार ठेवलेला गेम असा चिवट असतो.

आता भाचा. त्याला चोरी वाईट असं सांगायला जाऊ नका, अकरावीतलं पोरगं त्या वाक्याला कान बंद करून बसतं. त्याला विचारा, क्रॅक बसवताना अँटिव्हायरस बंद कर असं सांगितलं होतं का? हो म्हणेल. मग हे सांगा. २०२१ मध्ये अवास्ट ह्या अँटिव्हायरस कंपनीनं ‘क्रॅकोनॉश’ नावाचा एक प्रकार उघडकीस आणला. क्रॅक केलेल्या गेमच्या पोटात बसून तो यायचा, मशीन सेफ मोडमध्ये नेऊन अँटिव्हायरस उडवायचा आणि गुपचूप मालकाच्या विजेवर कुणातरी दुसऱ्यासाठी क्रिप्टोचलन खणत बसायचा. जगभरात २ लाखांहून जास्त मशीनला तो लागला होता आणि त्यात भारतातलीही हजारो होती. तो निदान नुसती वीज खायचा. त्याच्या भाऊबंदांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे असतात, आणि तुमच्या बहिणीचं बँकेचं लॉगिन त्याच ब्राउझरमध्ये असणार. गेम फुकट मिळाला म्हणतो ना, त्याची किंमत आईच्या शिवणयंत्रातून जाऊ शकते.

म्हणून गणपतीची वाट बघू नका, ह्याच रविवारी कऱ्हाडला जा. बहिणीच्या फाइली वेगळ्या ड्राइव्हवर काढा, लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज नव्यानं बसवा आणि बँकेचे व मेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. नुसता गेम अनइन्स्टॉल केला म्हणजे झालं असं नाही.

पासवर्ड दिलात ते चुकलंच, पण त्यातला बाहेर फेकलं जाण्याचा भाग साधा आहे: एक खातं, एक गेम, एका वेळी एक माणूस. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात सहा जणांपर्यंत कुटुंब जोडायची सोय २०२४ पासून आहे, पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी, आणि त्यातही एकच प्रत दोघांना एका वेळी खेळता येत नाही. शिवाय तुमच्या प्रतीवर खेळताना त्यानं चीट वापरलं तर बंदी तुमच्यावरही येऊ शकते. साताऱ्याचा मामा आणि कऱ्हाडचा भाचा एका घरात बसत नाहीत. त्याचं स्वतःचं खातं उघडून द्या, तुमचा पासवर्ड बदला, आणि सेल लागला की तो गेम त्याला भेट पाठवा. भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी घालताच की, त्यात एक भाचा. कुठल्या तोंडानं सांगू म्हणताय ना? भेट देताना तोंड लागत नाही.

विकत घेताना मात्र पानावर खाली बारीक अक्षरांत सतत इंटरनेट लागेल, वेगळ्या कंपनीचं खातं लागेल, असली वाक्यं असतात, ती आधी वाचा. कुलूप नसलेले गेम विकणारं जीओजी नावाचं दुकान २००८ पासून आहे. तिथली इन्स्टॉलरची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की पुढं कुणाला विचारावं लागत नाही, जुने स्ट्रॅटेजी गेम तर तिथं भरपूर आहेत. आणि स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून, परत करता येतो. त्या दोन तासांत पहिलं काम वायफाय बंद करून बघायचं.

आता गणपती. तुमच्याच गेमला आणखी एक संधी द्यायची असेल तर निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्यात सगळे अपडेट उतरू द्या, गेम एकदा नेटवर सुरू करून बंद करा, मग स्टीमच्या मेनूतून ‘ऑफलाइन’ निवडा. त्यानंतर वायफाय बंद करून लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट करा आणि गेम उघडतो का पाहा. नुसतं झाकण मिटून उघडलं तर ती परीक्षा होत नाही. उघडला, तर गावी जाईपर्यंत विंडोजचे अपडेट थांबवून ठेवा, कारण काही कुलपं मशीनमध्ये बदल दिसला की पुन्हा ओळखपत्र मागतात. गावात पोहोचल्यावर गेम अडलाच, तर लॅपटॉप आणि फोन घेऊन खडकावर जा. हजेरीपुरता डेटा किरकोळ लागतो, एका काडीत काम होतं. ती झाली की पुन्हा ऑफलाइन करून खाली या. ह्यात एकट्याचा खेळ सुटेल. दोघांची लढाई सुटेलच असं नाही, कारण लॅन नसलेल्या गेममध्ये लॅन आणायला मी पण असमर्थ आहे.

म्हणून ओटीवरच्या रात्रीसाठी दुसरा गेम घ्या. ‘झीरो ए.डी.’ नावाचा स्ट्रॅटेजी गेम आहे. वाइल्डफायर गेम्स ह्या नावाखाली जगभरचे हौशी लोक तो बनवतात. संपूर्ण फुकट, संपूर्ण कायदेशीर, सोर्स कोडसकट खुला. एज ऑफ एम्पायर्स खेळलेल्याला परका वाटणार नाही, आणि त्यात मौर्य आहेत, चंद्रगुप्त आणि हत्तींसह. खातं नको, की नको. साताऱ्यातच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन्ही लॅपटॉपवर त्याच एका फाइलमधून बसवा. आवृत्ती वेगळी झाली तर पुन्हा तेच आउट ऑफ सिंक. गावी गेल्यावर एका फोनचा हॉटस्पॉट लावा आणि दोन्ही लॅपटॉप त्याला जोडा. डेटा नसला, रेंज नसली तरी चालतं, आपल्याला फोन फक्त दोघांना जोडणारी तार म्हणून हवाय. घरात जुना राउटर पडून असेल तर तोही चालेल, पण भर पावसात तुमच्याकडं लाइट किती टिकते ते तुम्हाला माहीत. विंडोज त्या जोडणीबद्दल विचारेल तेव्हा ‘प्रायव्हेट’ निवडा, नाहीतर फायरवॉल भाच्याला दारातच अडवेल. मग तुम्ही डाव उघडा, त्याला तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता सांगा, तो टाकून तो आत येईल. हे सगळं गावी पहिल्यांदा करू नका, रविवारी कऱ्हाडला जाताय तेव्हाच एकदा करून बघा, वायफाय बंद ठेवून.

आणि खडकावर जायची वेळ आलीच तर लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. जावळीचा पाऊस रेंज बघून थांबत नाही.

– ताई